माशांचा संकर, वाढीव गुणसूत्रे आणि वांझपणा

गडहिंग्लज तालुक्यात पावसाळा स्थिरावला आणि शेततळी व गावतलाव भरू लागले, की मत्स्यबीजाची चौकशी सुरू होते. केवळ पाणी साठविण्यासाठी खोदलेल्या तळ्यात कटला, रोहू, मृगळ, सायप्रिनस, गवत्या असे मासे सोडून दोन पैसे मिळविण्याकडे शेतकऱ्यांचा कल झाला आहे, आणि तो योग्यच आहे. परंतु बीज घेताना ‘संकरित’ हा शब्द वारंवार कानी पडतो. बीज संकरित आहे, सबब ते लवकर वाढेल, असे सांगितले जाते. कोणी त्याच्याही पुढे जाऊन गुणसूत्रांचे तीन संच असलेले वांझ मासे दीडपट मोठे होतात, अशी माहिती पुरवितो. अशा बीजासाठी जास्त पैसे मोजावेत किंवा नाही, असा प्रश्न अखेर ग्रामसेवकापुढे येतो. त्याचे समाधानकारक उत्तर द्यावयाचे तर माशाच्या पेशीत काय घडते, हे थोडे खोलात जाऊन पाहिले पाहिजे.

ज्वारीचा संकर निराळा, माशांचा निराळा

‘संकरित’ या शब्दाला शेतकऱ्याच्या मनात मान आहे व त्याचे बरेचसे श्रेय ज्वारीला आहे. १९६४ साली सी. एस. एच. १ हा संकरित ज्वारीचा वाण प्रसृत झाला आणि संकर म्हणजे अधिक उत्पन्न, हे समीकरण गावोगाव रुजले. तथापि तो संकर ज्वारीच्याच दोन निवडक शुद्ध वाणांचा होता. आई ज्वारी, बाप ज्वारी आणि संततीही ज्वारीच. माशांच्या बाबतीत ज्याला संकर म्हणतात तो बहुधा दोन निराळ्या जातींचा असतो : कटला आणि रोहू यांचा, किंवा रोहू आणि सायप्रिनस यांचा. हा प्रकार घोडी व गाढव यांच्यापासून होणाऱ्या खेचराच्या अधिक जवळचा आहे. घोड्याच्या पेशीत ६४ गुणसूत्रे असतात, गाढवाच्या ६२, आणि खेचराच्या वाट्याला ६३ येतात. खेचर काटक असते, ओझे वाहते, परंतु त्याची पैदास होत नाही.

यावरून माशांचे सर्वच संकर खेचराप्रमाणे वांझ असतात, असा समज होण्याचा संभव आहे. तो बरोबर नाही. काही संकर वांझ असतात, काही पूर्ण प्रजननक्षम असतात, आणि सर्व घोटाळा येथेच होतो.

माशांचे असे संकर भारतात सुलभपणे करता येऊ लागले ते १९५७ नंतर. कटला, रोहू व मृगळ हे मासे तळ्याच्या साचलेल्या पाण्यात अंडी घालीत नाहीत. त्यांना पावसाळ्यातील नदीचे वाहते, चढते पाणी लागते. त्यामुळे पूर्वी त्यांचे बीज नद्यांतून गोळा करून दूरदूरच्या तलावांत नेऊन सोडीत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे हिरालाल चौधुरी यांनी के. एच. अलीकुन्ही यांच्या सहकार्याने मेंदूच्या तळाशी असणाऱ्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क माशांना टोचून त्यांच्याकडून अंडी घालवून घेतली. तो दिवस आता राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. अंडी आणि रेत माणसाच्या हाती आले, तेव्हा एका जातीची अंडी व दुसऱ्या जातीचे रेत एकत्र करणे ही पुढची एकच पायरी होती, व पुढील काही वर्षांत कार्प माशांचे अनेक संकर करून पाहण्यात आले.

गुणसूत्रांचा हिशेब

प्राण्याच्या शरीरातील प्रत्येक पेशीच्या केंद्रकात गुणसूत्रे असतात. त्यांवर जनुके, म्हणजे शरीर घडविणाऱ्या सूचना, ओळीने मांडलेल्या असतात. गुणसूत्रांचा एक संच आईकडून व एक बापाकडून येतो. अशा दोन संचांच्या जिवाला द्विगुणित म्हणतात. कटला, रोहू व मृगळ या तिन्ही माशांच्या पेशीत ५० गुणसूत्रे असतात, म्हणजे २५ चे दोन संच. गवत्या व चंदेरा या चीनकडील माशांत ती ४८ असतात. सायप्रिनसमध्ये मात्र १०० असतात. हा शेवटचा आकडा ध्यानात ठेवावा, त्याचे काम पुढे पडणार आहे.

अंडे किंवा शुक्राणू तयार होताना गुणसूत्रांची संख्या निम्मी व्हावी लागते. या क्रियेस न्यूनीकरण विभाजन म्हणतात. तीत आईकडून आलेले प्रत्येक गुणसूत्र बापाकडून आलेल्या आपल्या जोडीदारापाशी येते, दोघांची जोडी लागते, आणि मग जोडीतील एक एका पेशीत व दुसरे दुसऱ्या पेशीत जाते. औताला जुंपलेल्या बैलांच्या जोड्या सोडून निम्मे बैल एका गोठ्यात व निम्मे दुसऱ्या गोठ्यात न्यावेत, तसे हे आहे. जोड्या नीट लागल्या असतील तर वाटणी बिनचूक होते.

कटला व रोहू यांच्या संकरात २५ गुणसूत्रे कटलाची व २५ रोहूची येतात. या दोन जाती दिसावयास भिन्न असल्या तरी त्यांची गुणसूत्रे इतकी सारखी आहेत की त्यांच्या जोड्या लागतात. म्हणून हा संकर वांझ नसतो. तो वाढतो, अंड्यावर येतो व त्याला पिले होतात. त्याचे डोके कटलापेक्षा लहान असते, त्यामुळे मांसाचे प्रमाण जास्त मिळते, आणि तो रोहूपेक्षा लवकर वाढतो. येथवर पाहता हा संकर लाभदायक वाटेल. त्याची दुसरी बाजू पुढे येईल.

जोड्या न लागणाऱ्या गुणसूत्रांचे काय होते, हे समजण्यासाठी शेताकडेच वळणे सोयीचे आहे. भुईमूग हे पीक मुळात दोन रानटी जातींचा संकर आहे. दक्षिण अमेरिकेत हजारो वर्षांपूर्वी २० गुणसूत्रांच्या दोन निराळ्या रानटी जातींचा संयोग झाला. त्यांची गुणसूत्रे एकमेकांशी नीट जुळत नसल्याने अशी संतती वांझच राहिली असती. परंतु तिची गुणसूत्रे दुप्पट होऊन ४० झाली, आणि प्रत्येक गुणसूत्राला स्वतःसारखाच एक जोडीदार मिळाला. त्याबरोबर शेंगा भरू लागल्या. केळीची गोष्ट उलट आहे. रानकेळीत २२ गुणसूत्रे व कठीण बिया असतात. आपण खातो त्या केळीच्या बहुतेक जातींत ३३, म्हणजे ११ चे तीन संच असतात. तिघांच्या जोड्या लागणार कशा ? म्हणून बी धरत नाही, आणि म्हणूनच ती खाण्यास सोयीची आहे.

आणि ऊस ? गडहिंग्लजच्या शेतकऱ्याच्या दारातले सर्वांत मोठे उदाहरण तेच आहे. कोइमतूर येथे १९१२ साली स्थापन झालेल्या ऊस पैदास केंद्रात जाड, गोड पुंड्या उसाचा रानटी उसाशी संकर करण्यात आला व त्यातून १९१८ मध्ये को. २०५ हा वाण बाहेर पडला. या संकरात पुंड्या उसाची मादी आपली निम्मी गुणसूत्रे न देता पूर्ण ८० देते व रानटी नर आपली निम्मी देतो, असा विलक्षण प्रकार घडतो. आज लागवडीत असलेल्या उसाच्या पेशीत साधारण १०० ते १३० गुणसूत्रे असतात. असा अवजड, बेहिशेबी संच घेऊन ऊस बियांनी कितपत फळतो, याची शेतकऱ्याला चिंता नसते, कारण तो टिपरी लावतो. केळीचे मुनवे लावतो. माशाला टिपरीही नाही व मुनवाही नाही. माशाचे पुढचे पीक अंड्यातूनच यावयाचे असते. हा फरक ज्याच्या ध्यानात आला, त्याला वांझ मासे महाग का पडतात ते निराळे सांगावे लागत नाही.

पंच्याहत्तर गुणसूत्रांची संतती

सायप्रिनसच्या १०० गुणसूत्रांची कथा भुईमुगासारखीच आहे. सुमारे एक कोटी वर्षांपूर्वी दोन भिन्न मत्स्यजातींचा संकर होऊन त्याची गुणसूत्रे दुप्पट झाली आणि त्यातून या माशाचा वंश निघाला. म्हणजे इतर कार्प माशांच्या मानाने सायप्रिनसपाशी चार संच आहेत, व ते जोडीजोडीने नांदत असल्याने तो भरपूर विणतो. किंबहुना जरुरीपेक्षा जास्तच विणतो. आपल्याकडील उबदार पाण्यात सायप्रिनस सहा महिने ते वर्षभरात अंड्यावर येतो, तळ्यातील पाणवनस्पतींना अंडी चिकटवितो, आणि खाल्लेल्या अन्नाचा मोठा हिस्सा मांसाऐवजी गाभोळीत जातो. बाजारात मासा फुगलेला दिसतो, पण कापल्यावर पोटात गाभोळीच निघते.

भारतातील शास्त्रज्ञांनी रोहू व अन्य देशी कार्प माशांचा सायप्रिनसशी संकर केला तेव्हा संततीच्या पेशीत २५ आणि ५० अशी मिळून ७५ गुणसूत्रे आढळली. हे मासे जगले व वाढले, पण वांझ निघाले. वरचा हिशेब लावून पाहिला की कारण उघड होते. रोहूच्या २५ गुणसूत्रांना सायप्रिनसच्या ५० शी जोडी जमविता येत नाही. काही एकटी राहतात, काही तिघांच्या गुंत्यात सापडतात, वाटणी विस्कटते, आणि सुदृढ अंडी वा शुक्राणू तयार होत नाहीत.

गाभोळीत जाणारे अन्न मांसात वळविण्याचा हा मार्ग कागदावर फार आकर्षक होता. प्रत्यक्षात हा संकर व्यापारी प्रमाणावर रूढ झाला नाही. मासा वांझ आहे एवढ्यावर तो तळ्यात परवडत नाही. अंड्यांतून पुरेशी पिले निघावी लागतात, ती जगावी लागतात, आणि वाढीत ती आईबापांपैकी चांगल्याला मागे टाकणारी असावी लागतात.

तिसरा संच मुद्दाम घालण्याची रीत

त्रिगुणित मासा संकर न करताही तयार करता येतो. अंडे मादीच्या पोटातून बाहेर पडते तेव्हा त्याचे शेवटचे विभाजन पुरे झालेले नसते. शुक्राणू आत शिरल्यावर काही मिनिटांनी अंडे आपल्याजवळचा गुणसूत्रांचा एक जादा संच एका लहानशा पेशीच्या रूपाने बाहेर टाकते. नेमक्या त्या वेळी अंड्यांना थोडा वेळ कढत पाण्याचा, थंडीचा किंवा दाबाचा धक्का दिला, तर तो संच आतच अडकून राहतो. आईचे दोन व बापाचा एक असे तीन संच मिळून त्रिगुणित रोहू होतो. त्यातही ७५ गुणसूत्रे असतात, पण ती सर्व रोहूचीच. धक्का त्यानंतर, अंड्याची पहिली दुभागणी होण्याच्या सुमारास दिला तर चार संचांचा, म्हणजे चतुर्गुणित मासा मिळू शकतो. रोहूच्या अंड्यांवर असे प्रयोग भारतात झाले असून त्यांची माहिती १९९० मध्ये प्रसिद्ध झाली.

हे काम घड्याळाचे आहे. धक्का अर्धा मिनीट अलीकडे-पलीकडे झाला, पाणी थोडे जास्त तापले, तर अंडी मरतात किंवा साधीच राहतात. जी पिले जगतात त्यांतही सर्व त्रिगुणित असतील असे नाही. म्हणून प्रत्येक खेपेस तपासणी लागते. माशाच्या तांबड्या रक्तपेशीत माणसाप्रमाणे केंद्रक नाहीसे झालेले नसते. त्रिगुणित माशात ते ठळकपणे मोठे दिसते, व त्यावरून ओळख पटते. अमेरिकेत पाण्यातील गवत खाण्यासाठी सोडावयाचा गवत्या मासा नद्यांत पसरून उपद्रव देईल या भीतीने अनेक राज्यांनी केवळ त्रिगुणित गवत्यालाच परवानगी दिली आहे, आणि तेथे सोडण्यापूर्वी एकेका माशाचे रक्त घेऊन यंत्राने केंद्रकाचा आकार मोजण्याची पद्धत आहे. एकेका माशाचे ! त्यावरून खर्चाची कल्पना यावी. हंड्यात पाहून ‘हे बीज तीन संचांचे आहे’ असे कोणालाही सांगता येणार नाही.

जनुके दीडपट, मासा दीडपट नव्हे

तीन संच म्हणजे जनुके दीडपट, मग मासाही दीडपट का होऊ नये, अशी शंका साहजिक आहे. या प्रश्नावर अलीकडच्या काळात पुष्कळ संशोधन झाले आहे व त्याची उत्तरे लक्षात घेण्याजोगी आहेत.

जनुक पेशीत असणे ही एक गोष्ट व ते कामाला लागणे ही दुसरी. डोळ्याच्या पेशीत व यकृताच्या पेशीत जनुके तीच असतात, पण डोळ्यात काही जागी असतात व यकृतात निराळीच. जनुकाने जागे होऊन आपले काम करणे यास जनुकाचा आविष्कार म्हणतात. संकरित माशात एकाच कामाची जनुके दोन जातींकडून आलेली असतात. त्यांपैकी कोणी किती काम करावे, याची वाटणी नेहमी निम्मी-निम्मी असतेच असे नाही. कोठे आईकडील जनुक पुढाकार घेते, कोठे बापाकडील. सायप्रिनससारख्या पुरातन संकरातसुद्धा एका पूर्वजाकडील जनुके दुसऱ्याकडील जनुकांपेक्षा एकंदरीत अधिक कार्यरत असल्याचे आढळले आहे.

स्पेन व पोर्तुगाल या देशांतील नद्यांत स्क्वालियस अल्बर्नॉइडिस नावाचा एक लहान मासा आहे. तो मूळचाच संकरित असून त्यात तीन संचांचे मासे विपुल आढळतात. २००८ साली त्याच्या जनुकांच्या कामाचे मोजमाप करण्यात आले. तीन संच असल्यामुळे दीडपट काम व्हावयास हवे होते. प्रत्यक्षात तपासलेल्या जनुकांचे काम साध्या द्विगुणित माशाइतकेच भरले, कारण तीनपैकी एक प्रत निद्रिस्त ठेवलेली होती. विहिरीवर दोन मोटारी होत्या, तिसरी आणून बसविली, पण पाटाला पाणी जाते ते दोनच मोटारींचे, अशी ही स्थिती. शिवाय बंद असलेली मोटार सर्वत्र एकच नव्हती. एका अवयवात एक प्रत निद्रिस्त, तर दुसऱ्या अवयवात दुसरी, असा प्रकार दिसला. पेशी आपला समतोल किती कसोशीने राखते याचा हा नमुना आहे.

दुसरे असे की त्रिगुणित माशाची प्रत्येक पेशी मोठी असते, पण अवयवात पेशींची संख्या त्या मानाने कमी असते. मोठ्या विटा वापरल्या म्हणून घर मोठे होत नाही, विटा कमी लागतात. त्यामुळे अंड्यावर येण्याच्या वयापूर्वी त्रिगुणित मासा साध्या माशाहून मोठा असेल असे मानण्यास आधार नाही. लाभ असतो तो नंतरचा. साधी मादी जेव्हा अन्न गाभोळीकडे वळवू लागते, तेव्हा त्रिगुणित मादी ते मांसासाठी वापरीत राहते. तिचे अंडाशय दोऱ्यासारखे बारीक राहतात, अंडी पोसणारी संप्रेरके रक्तात अल्प असतात, व अंड्यातील बलक बनविणारी जनुके जवळजवळ स्वस्थ असतात. नराची गोष्ट थोडी निराळी आहे. त्रिगुणित नराचे रेतपिंड काही अंशी वाढतात, तो अंगाने प्रौढ दिसतो, कधी थोडे रेतही देतो. परंतु त्या शुक्राणूंतील गुणसूत्रांची संख्या विस्कटलेली असल्याने पिले जगत नाहीत.

तोट्याची बाजूही आहे. पेशी मोठी म्हणजे तिच्या आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग कमी, व प्राणवायूची देवघेव त्या पृष्ठभागातून होते. पाणी तापलेले असून त्यात प्राणवायू कमी असेल तर त्रिगुणित मासे साध्या माशांपेक्षा लवकर थकतात, असे थंड पाण्यातील सामन व ट्राउट माशांवरील निरीक्षणांत दिसून आले आहे. चैत्र-वैशाखात गडहिंग्लजच्या शेततळ्यात पाणी खाली गेलेले असते, ते तापते, व पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडू लागतात. अशा पाण्यासाठी हा गुण मानता येणार नाही.

हुनानमधील चार संचांचे मासे

वांझ मासे दर वर्षी अंड्यांना धक्के देऊन बनविण्यापेक्षा त्यांचे कायमचे आईबाप तयार करता आले तर ? हा विचार चीनमध्ये प्रत्यक्षात आला. हुनान प्रांतातील संशोधकांनी सोनमाशाच्या जातकुळीतील लाल क्रूशियन मासा व सायप्रिनस यांचा संकर केला. दोघांचीही गुणसूत्रे १००. पहिल्या दोन पिढ्यांतील संकरित मासेही १०० गुणसूत्रांचेच होते. परंतु दुसऱ्या पिढीतील माशांनी अंडी व शुक्राणू तयार करताना गुणसूत्रे निम्मी केलीच नाहीत, सगळी दिली. पुंड्या उसाची मादी करते तसेच हे झाले. परिणामी तिसऱ्या पिढीत २०० गुणसूत्रांचे, चार संचांचे मासे जन्मले, आणि भुईमुगाप्रमाणे प्रत्येक गुणसूत्राला जोडीदार मिळाल्याने ते नर-मादी दोन्ही बाजूंनी प्रजननक्षम ठरले. २००१ साली ही हकीकत प्रसिद्ध झाली. पुढे हा वंश पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिला.

या चतुर्गुणित नराचे रेत साध्या, १०० गुणसूत्रांच्या मादीच्या अंड्यांवर घातले की १०० व ५० मिळून १५० गुणसूत्रांची त्रिगुणित संतती होते. धक्का नाही, घड्याळ नाही, आणि सर्व पिले वांझ. चीनमध्ये या पद्धतीने तयार केलेले मासे तळ्यांत वाढविले जातात. ही खरी मोठी प्रगती होय, कारण तीत वांझ माशांचे बीज विणणारा कळप कायम हाताशी राहतो. आपल्या रोहू-कटलात असा चतुर्गुणित वंश उभा करून त्याचे बीज शेतकऱ्याला मिळू लागलेले नाही.

गडहिंग्लजच्या तळ्यात याचा उपयोग किती

आता मूळ प्रश्नाकडे वळावयास हरकत नाही. शेततळ्यात आषाढ-श्रावणात बोटुकली सोडून पुढील उन्हाळ्यात, पाणी आटण्याच्या आत मासे काढले जातात. म्हणजे मासा तळ्यात आठ-दहा महिने असतो, फार तर वर्षभर. रोहू, कटला व मृगळ इतक्या वयात अंड्यावर येत नाहीत, आणि आले तरी साचलेल्या पाण्यात विणत नाहीत. गवत्या व चंदेराही तळ्यात विणत नाहीत. मग ज्या वांझपणाचा लाभ प्रौढ वयानंतर मिळावयाचा, त्यासाठी शेतकऱ्याने जादा पैसे का मोजावेत ? वांझ बीजाला अर्थ आहे तो सायप्रिनस किंवा तिलापिया यांसारख्या, तळ्यातच लवकर व वारंवार विणणाऱ्या माशांत. सायप्रिनसपुरता विचार केला तर उशिरा अंड्यावर येणारा अमूर हा हंगेरीहून आणलेला वाण निवडणे हा अधिक सोपा उपाय आहे.

देशी कार्प माशांची वाढ सुधारण्याचा खात्रीचा मार्ग संकराचा नसून निवडीचा असल्याचे दिसून आले आहे. भुवनेश्वरजवळ कौशल्यागंगा येथील केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने नॉर्वेच्या सहकार्याने १९९२ पासून निरनिराळ्या नद्यांतील रोहू एकत्र आणून, त्यांतील सर्वांत वाढणारे निवडून पिढ्या चालविल्या. स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, १९९७ मध्ये, हा सुधारित रोहू ‘जयंती’ या नावाने प्रसृत झाला. दर पिढीस सरासरी १७ टक्के वाढ त्यात मिळाली. त्यात परक्या जातीचे एकही गुणसूत्र नाही. बियाण्यासाठी टपोरी कणसे बाजूला काढणाऱ्या शेतकऱ्यास हा मार्ग परका वाटू नये.

न सांगता होणारा संकर

खरी हानी होते ती मुद्दाम केलेल्या संकराने नव्हे, तर निष्काळजीपणाने झालेल्या संकराने. अनेक बीजकेंद्रांत कटला, रोहू व मृगळ यांच्या नर-माद्यांना इंजेक्शने देऊन एकाच गोल हौदात सोडतात. जागा व वेळ वाचतो, परंतु पाण्यात एकाचे रेत दुसऱ्याच्या अंड्यांवर पडते, आणि निघालेल्या बीजात कटला-रोहू, रोहू-मृगळ असे संकर मिसळतात. मिश्र मत्स्यशेतीचे सारे गणित मात्र जाती शुद्ध असण्यावर उभारलेले आहे. कटला वरच्या थरातील सूक्ष्म प्राणी खातो, रोहू मधल्या थरात चरतो, मृगळ तळाशी. कटलाचे कल्ले बारीक चाळणीसारखे असतात, रोहूचे तसे नसतात, व संकराचे असतात मधलेच. तो दोघांच्याही ताटात हात घालतो. एका थरात गर्दी होते, दुसऱ्या थरातील अन्न तसेच राहते, आणि शेतकरी खाद्य कमी पडले असे समजून पेंड वाढवितो.

हे संकर ५० गुणसूत्रांचे व प्रजननक्षम असल्यामुळे नुकसान एका हंगामात संपत नाही. त्यांतील मोठे दिसणारे मासे पुढे प्रजनक म्हणून ठेवले, तर पुढच्या पिढीत गुण फाटतात : कोणी कटलाकडे झुकतो, कोणी रोहूकडे, आणि शुद्ध कळप परत मिळविणे दुरापास्त होते. वांझ त्रिगुणित मासा निदान स्वतःबरोबर आपला वंश संपवितो. प्रजननक्षम संकर तसे करीत नाही. २०१९ व २०२१ च्या महापुरांचा अनुभव कोल्हापूर जिल्ह्यास आहे. अशा वेळी तळ्याचे मासे ओढ्यात, ओढ्याचे हिरण्यकेशीत, तेथून घटप्रभेत व पुढे कृष्णेत जातात. हिरण्यकेशी ही माशांच्या दृष्टीने सामान्य नदी नव्हे. तिच्या उगमाशी आंबोलीला सापडलेल्या एका लहान माशाला २०२० मध्ये शिस्टुरा हिरण्यकेशी असे नाव मिळाले, व २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित झाली.

बीज घेताना

मत्स्यजिऱ्याच्या अवस्थेत जाती ओळखणे कठीण असते. सबब शेततळेधारकाने थोडे अधिक पैसे देऊन बोटुकलीच घ्यावी, व ती उजेडात पांढऱ्या घमेल्यात घेऊन पाहावी. कटलाचे डोके मोठे व रुंद, तोंड वर वळलेले असते आणि त्याला मिशा नसतात. रोहूचे तोंड खालच्या बाजूस, व ओठाला झालर असते. मृगळ लांबट, रुपेरी, ओठ पातळ व बिनझालरीचे. सायप्रिनसला मिशांच्या दोन जोड्या व पाठीवर लांब पर असतो. डोके कटलासारखे मोठे नाही पण रोहूइतके लहानही नाही, ओठाला अर्धवट झालर, अशी अनेक पिले एका हंड्यात दिसली तर ते बीज मिसळलेले आहे असे समजावे व घेऊ नये. एखाददुसऱ्या पिलावरून निर्णय करू नये, ओंजळभर पिले पाहावीत.

ग्रामसेवकाने बीजकेंद्रात चौकशी करताना दोन प्रश्न विचारावेत : तिन्ही जातींना अंडी घालण्यास स्वतंत्र हौद आहेत काय, आणि प्रजनक मासे कोठून आणले, ते किती वर्षांनी बदलले जातात. स्वतःच्याच तळ्यातील त्याच त्या माशांपासून वर्षानुवर्षे बीज काढणाऱ्या केंद्रात रक्तसंबंधातील पैदास होऊन वाढ खुंटते, ते नुकसान संकराहून कमी नसते. दोन-तीन गावांच्या शेतकऱ्यांनी मिळून मागणी एकत्र नोंदविली तर अशी चौकशी करणे सुलभ होते व वाहतूकही स्वस्त पडते.

बोटुकली हेक्टरी ५,००० ते १०,००० या मानाने सोडावी. पाणी उन्हाळ्यापर्यंत पुरेसे टिकणार नसेल, तर खालचाच आकडा धरावा. तळ्याच्या सांडव्याला बारीक जाळी पावसाळ्याच्या आधीच बसवावी. मासे काढताना जे मधल्याच ठेवणीचे दिसतील ते कितीही मोठे असले तरी बाजारात पाठवावेत, गावतलावात पैदाशीसाठी सोडू नयेत.